एकटीची सोय

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या व्हिजिटर सेंटरमधल्या रेंजरबाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "गाडीत पाणी किती आहे?" मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, नकाशावर पेनने दोन जागी गोल केले, एका कच्च्या रस्त्यावर फुली मारली आणि माझ्या मागच्या कुटुंबाकडे वळल्या. बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला तेव्हा लक्षात आलं की सोबत कोण आहे हे त्यांनी विचारलंच नाही.

"सोबत कोण?" हा प्रश्न ऐकतच मी मोठी झाले. साताऱ्यात घराच्या गच्चीवरून अजिंक्यतारा दिसायचा, पण तिथे जायचं तर बरोबर कोण, कधी परत, कुणाच्या घरचा फोन नंबर, एवढी जंत्री द्यावी लागे. पुढे पुण्यात नोकरी लागल्यावर ट्रेकच्या ग्रुपांबरोबर हरिश्चंद्रगड झाला, राजमाची झाली, पावसाळ्यातले भिजून चिंब झालेले कितीतरी रविवार झाले. गुहेत ओळीने पथाऱ्या, रात्री दोनपर्यंत अंताक्षरी, पहाटे कुणाच्या तरी घोरण्यावरून हशा. ते सगळं मला मनापासून आवडायचं आणि आजही आवडेल. फक्त एवढ्या वर्षांत डोंगरात बसून डोंगर ऐकला असं काही झालं नाही. कुणीतरी बोलतच असायचं, आणि बऱ्याचदा ती मीच असायचे.

आपल्याकडे 'राष्ट्रीय उद्यान' म्हटलं की उघडी जिप्सी, गाइड, पहाटेच्या थंडीत उघडणारं गेट आणि ठरलेल्या वेळी बाहेर पडण्याची घाई. ताडोबात गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. वाघाच्या घरात तंबू ठोकायचा नसतो. त्यामुळे डेन्व्हरला राहायला आल्यावर पार्कच्या आत, थोडे डॉलर भरून, कुणालाही रात्री झोपता येतं हे पचायला मला वेळ लागला. नवऱ्याची पाठ आणि जमिनीवरची झोप यांचं जुळत नाही. मुलं कॉलेजात. मग ऑक्टोबर उजाडायच्या सुमाराला मी एकटीच युटाच्या दिशेने निघाले. नातेवाइकांपैकी दोघीतिघींनी हळूच फोन करून "सगळं ठीक आहे ना गं घरी?" विचारलं. ठीकच होतं. बाई एकटी निघाली म्हणजे कुठून तरी निघून आली असणार, हा हिशोब आपल्याकडे अजून पक्का आहे.

डेन्व्हरहून इंटरस्टेट ७० धरला की आधी रॉकी पर्वत चढायचा. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे कानात दडे बसतात. मग ग्लेनवूड कॅनियनमध्ये रस्ता, रेल्वे आणि कोलोराडो नदी एकमेकींना खेटून धावतात. ग्रँड जंक्शन मागे पडलं की झाडं संपतात आणि करडी-पिवळी माती सुरू होते. ग्रीन रिव्हर नावाच्या गावात हंगामातली शेवटची खरबुजं विकत होते. एक घेतलं, कूलरमध्ये मावेना, म्हणून शेजारच्या सीटवर ठेवून त्याला सीटबेल्ट लावला. सोबत कोण, तर हे.

कॅनियनलँड्समधलं विलो फ्लॅट कॅम्पग्राउंड म्हणजे पिन्यन आणि ज्युनिपरच्या बुटक्या झाडांमधल्या बारा जागा. आगाऊ आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा. पाणी नाही. मोबाइलला रेंज नाही. प्रत्येक जागेला नंबराचा खांब, एक जाड लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, आणि चालत जाता येईल अशा अंतरावर कोरडा संडास. अशा बऱ्याच कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी जमिनीत एक लोखंडी नळकांडं रोवलेलं असतं. पाकिटात पैसे घालायचे, वर जागेचा नंबर आणि गाडीचा नंबर लिहायचा, पाकीट फटीतून आत सोडायचं आणि पावतीचा तुकडा खांबाला अडकवायचा. या नळकांड्याला इथले लोक 'आयर्न रेंजर' म्हणतात. पगार न घेता उन्हापावसात उभा असतो बिचारा.

पहिल्या रात्री भीती वाटली, हे सांगायला मला लाज नाही. ती जनावरांची नव्हती. कोल्ह्यांसारखे दिसणारे कोयोट ओरडत होते, पण ते आपापल्या कामात. अंधार पडल्यावर एखाद्या गाडीचे दिवे वळणावरून आत येतात, हळू होतात, आपल्या तंबूवरून फिरतात, आणि ते पुढे जाईपर्यंत माणूस श्वास धरून बसतो, ती भीती. पुरुषांना ही समजावून सांगावी लागते, बायकांना लागत नाही. माझे नियम साधे आहेत. उजेड असताना पोचायचं. गाडी तोंड बाहेर करून लावायची. तंबूच्या दाराशी चपलांचे दोन जोड ठेवायचे, त्यातला एक नवऱ्याचा जुना. गाडीची किल्ली उशाशी, म्हणजे बटण दाबलं की भोंगा वाजेल. खिशात सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र. आणि संध्याकाळी शेजारच्या जागांवर एक चक्कर मारून सगळ्यांना हात करायचा. हे शेवटचं सर्वात उपयोगी. एकदा हात केला की आपण त्यांच्या हिशोबात येतो.

कॅम्पग्राउंडपासून जवळच ग्रीन रिव्हर नदीवरचा सज्जा आहे. उभ्या कड्याच्या टोकावर पोचलं की खाली एक पठार, त्या पठाराला पडलेली भेग आणि भेगेच्या तळाशी, सुमारे दोन हजार फूट खाली, नदीचं हिरवट वळण. या नदीवरून १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल गेला. अमेरिकेच्या यादवी युद्धात एक हात गमावलेला माणूस, बरोबर नऊ जण, चार लाकडी होड्या, आणि पुढे काय आहे याचा नकाशा नाही. शेवटी पॉवेल धरून सहाच जण ग्रँड कॅनियनच्या पलीकडे बाहेर पडले. त्याच्या हिमतीबद्दल वाद नाही, पण या प्रदेशातल्या वाटा त्याच्या आधी हजारो वर्षं माणसांच्या पायाखालच्या होत्या. कड्यांच्या कपारींत त्यांची धान्याची कोठारं अजून दिसतात. 'निर्मनुष्य' हा शब्द इथे जपून वापरावा लागतो.

सूर्य गेला. कड्यावर आणखी आठदहा जण होते, कुणी बोलत नव्हतं. सप्तमी-अष्टमीचा चंद्र मध्यरात्री मावळला आणि मग जे आकाश उघडं पडलं त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना गरज नाही आणि ज्यांनी नाही त्यांच्यावर अन्याय होईल. मला सांगायचंय ते वेगळंच. स्लीपिंग बॅगमध्ये पडल्या पडल्या मी त्या रात्री मोजत होते की माझं हे एकटं असणं किती जणांनी उभं केलंय. खांबावर नंबर कुणीतरी रंगवला. संडास रोज कुणीतरी साफ करतं. कुणीतरी त्या कच्च्या रस्त्यावर जाऊन पाहिलं, म्हणून माझ्या नकाशावर फुली आली. १८७२ साली यलोस्टोन राखून ठेवलं गेलं, १९१६ साली ही सगळी उद्यानं सांभाळायला स्वतंत्र सेवा सुरू झाली, १९६४ साली कॅनियनलँड्सचा कायदा झाला. यातलं प्रत्येक पाऊल कुणीतरी कुठल्या तरी कचेरीत भांडून टाकलेलं. साहसाच्या गोष्टींत हे येत नाही. तिथे माणूस आणि निसर्ग असे दोघेच असतात, मधला संडास साफ करणारा गायब असतो.

तो खरोखर गायब झाला की काय होतं तेही इथल्या लोकांनी पाहिलंय. २०१८ च्या डिसेंबरात सरकारी कामकाज बंद पडलं ते ३५ दिवस. बरीच उद्यानं उघडी होती, पण सांभाळायला माणसंच नव्हती. कॅलिफोर्नियाच्या जोशुआ ट्री पार्कात संडास तुंबले, कचऱ्याचे ढीग झाले, लोकांनी नको तिथून गाड्या घातल्या आणि ज्या झाडांच्या नावाने पार्क आहे त्या झाडांचीच मोडतोड झाली.

शेजारच्या आर्चेस पार्कबद्दल मी थोडक्यात उरकते. २,००० हून जास्त नैसर्गिक कमानी, खालच्या मिठाच्या थरांमुळे वरचा वालुकाश्म उचलला गेला, तडकला आणि पाण्या-बर्फाने कोरला गेला, ते अद्भुत आहेच. लँडस्केप आर्च ३०६ फूट रुंद आणि मधोमध इतकी बारीक की बघताना आपणच श्वास रोखतो. १९९१ मध्ये तिच्या खालून मोठा चिरा निखळला, तेव्हा सावलीला बसलेले लोक पळाले म्हणून वाचले. तेव्हापासून खालची वाट बंद. २००८ मध्ये तिच्या पलीकडची वॉल आर्च एका रात्रीत कोसळली. पण डेलिकेट आर्चपाशी फोटोसाठी रांग होती, आणि रांगेतला प्रत्येक जण पुढच्याला हाताने "बाजूला व्हा" सांगत होता, कारण प्रत्येकाला आपण इथे एकटे असल्याचा फोटो हवा होता. मी तिथे लाडवाचा डबा उघडून तासभर तो सोहळा पाहिला. कमानीपेक्षा रांगच जास्त लक्षात राहिली.

वाटेत जागोजाग पाट्या असतात की काळ्या, फुगलेल्या मातीवर पाय ठेवू नका. ती जिवंत आहे. निळे-हिरवे जिवाणू, शैवाक, शेवाळं यांनी वाळूचे कण बांधून धरलेत म्हणून ती वाऱ्याने उडत नाही. एका पावलाने मोडलेली ही साय पुन्हा धरायला कित्येक वर्षं, काही ठिकाणी दशकं लागतात. पाट्या वाचून लोक खरोखर वाटेवरूनच चालतात. आपल्या गडांवरच्या पाट्यांवर लोक आपलं नाव लिहितात, हे आठवून उगाच जीव जळला.

मग कॅपिटल रीफ. युटातल्या पाच राष्ट्रीय उद्यानांत हे सर्वात कमी बोललं जाणारं आणि मला सर्वात आवडलेलं. जमिनीच्या कवचाला पडलेली सुमारे १०० मैल लांब सुरकुती, आणि तिच्या कुशीत, फ्रिमाँट नदीच्या काठी, फळबागा! लाल कड्यांच्या भिंती, मधे हिरवं कुरण, ओळीने सफरचंद, पेअर, पीच, जर्दाळूची झाडं आणि त्यांच्याखाली बिनधास्त चरणारी हरणं. १८८० च्या दशकात मॉर्मन पंथाचे शेतकरी इथे आले. कधीही दहाहून जास्त कुटुंबं नव्हती. त्यांनी पाट काढले, झाडं लावली, १८९६ मध्ये एका खोलीची लाकडी शाळा बांधली. गावाचं नाव फ्रुटा. हा भाग संरक्षित झाल्यावर सरकारने एकेक घर विकत घेतलं आणि गिफर्ड कुटुंबही १९६९ मध्ये घर विकून गेलं. त्यांच्या घरात आता पाय मिळतात, म्हणजे फळांचं सारण भरलेल्या लहान लहान गोल पेस्ट्र्या. सकाळी रांग लागते आणि दुपारपर्यंत बऱ्याचदा संपतात.

बागांची झाडं पार्कचेच माळी सांभाळतात. तोडणी सुरू असलेल्या बागेत जायचं, झाडाखाली उभं राहून हवी तेवढी फळं खायची, त्याचे पैसे नाहीत. घरी न्यायची असतील तर काट्यावर तोलून पेटीत पैसे टाकायचे. काटा आहे, पिशव्या आहेत, उंच फांद्यांसाठी झेला आहे, शिडी आहे. बघायला कुणी नाही. मी सफरचंदं तोलली, पैसे टाकले, पुन्हा तोलून पाहिली.

पण या बागेवरून चालताना हेही मनात येत राहतं की मॉर्मनांच्या आधी हजार वर्षं इथे फ्रिमाँट संस्कृतीची माणसं मका पिकवत होती. हमरस्त्यालगतच्या कड्यावर त्यांनी कोरलेल्या आकृती आहेत. त्रिकोणी धडं, डोक्यावर शिंगं किंवा पिसं, बाजूला मेंढे. एकामागून एक माणसं आली, पाणी बघून राहिली, गेली. आता कुणालाच राहू देत नाहीत. सगळ्यांना सारखंच पाहुणं करून टाकलंय. हे चांगलं की वाईट ते मला नीट ठरवता येत नाही. कॅम्पग्राउंडमध्ये माझ्या तंबूच्या पलीकडे ज्या बागेची भिंत होती ती बाग कुणाच्या तरी आजोबांनी लावलेली. ते घर गेलं, म्हणून मला जागा मिळाली.

दसऱ्याला टोरी गावात जाऊन रेंज पकडली आणि साताऱ्याला आत्याला फोन लावला. आत्याचं सासर माण तालुक्यातलं. सत्तरी ओलांडलेली, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून. मी तिला पार्कातल्या एका लहानशा दगडी चौकीबद्दल सांगत होते. १९३० च्या मंदीत इथे बेकार तरुणांसाठी सरकारने कामं काढली होती. सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर असं त्याचं नाव. अठरा ते पंचविशीची पोरं, महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी. पायवाटा, पूल, भिंती, कॅम्पग्राउंडं, देशभरच्या उद्यानांत त्यांच्या हातची कामं आहेत, आणि ती चौकीही त्यांनीच लाल दगडात बांधलेली. आत्या ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हंजी दुष्काळी कामंच की."

७२ सालच्या दुष्काळात आत्या नवी नवरी होती. हातात हळदीचा रंग असताना ती खडी फोडायला गेली. रस्त्याची कामं, पाझर तलावांची कामं, सुकडीचं वाटप, हे तिच्याकडून मी लहानपणापासून ऐकलंय. तिला आपण फोडलेली खडी नेमकी कुठल्या रस्त्याला पडली ते माहीत आहे, आणि एसटीतून त्या रस्त्याने जाताना ती अजून खिडकीतून खाली बघते. "तुझ्या अमेरिकेची लाल ज्वारी खाल्लीय आम्ही," ती म्हणाली. "मिलो. भाकरी थापली की चिरफळ्या. गुरंसुद्धा तोंड फिरवायची." आणि मग, थोडं थांबून, "त्यांच्या कामावर बाया होत्या का गं?" नव्हत्या. तिथे फक्त पोरगेच. आत्याला या उत्तराने फार समाधान वाटलं. निदान एका बाबतीत माण तालुका पुढे निघाला.

त्या संध्याकाळी मी पिठलं केलं. मोहरी, जिरं, लसूण, हिरवी मिरची यांची फोडणी उघड्यावर पडली की वास किती लांब जातो याची कल्पना इमारतीत राहून येत नाही. पलीकडच्या मोठ्या गाडीतले निवृत्त जोडपं कुत्र्याला फिरवण्याच्या निमित्ताने आलं. तेच इथले कॅम्प होस्ट होते. म्हणजे हंगामभर इथे फुकट जागा घ्यायची आणि बदल्यात कॅम्पग्राउंडची देखरेख करायची. कुणाला सरपण हवं, कुणाचा संडास तुंबला, कुणी रात्री दहानंतर गाणी लावली. त्यांनी पिठलं चाखलं, आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतलं. आजी म्हणाल्या, रात्री आम्ही दोन चकरा मारतो, तू एकटी आहेस ते आम्हाला माहीत आहे. माझ्या मैत्रिणींना हे वाक्य भीतीदायक वाटेल. कुणाला माहीत आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. मी त्या रात्री चपलांचा दुसरा जोड गाडीतच ठेवला.

टोरीपासून हायवे १२ सुरू होतो. गाडी चालवणं हे ज्यांना कंटाळवाणं काम वाटतं त्यांना या रस्त्यावर आणून सोडावं. आधी बोल्डर माउंटनवर ९,६०० फुटांपर्यंत चढ, दोन्ही बाजूंना पिवळेधमक झालेले ॲस्पेन, रस्त्यात मधोमध उभ्या गाई. हॉर्न वाजवला तर त्या आपल्याकडे अशा बघतात की आपणच माफी मागावी. मग बोल्डर हे चिमुकलं गाव, जिथे १९३० च्या दशकातही टपाल खेचरांच्या पाठीवरून येत होतं. पुढे हॉगबॅक, म्हणजे डोंगराच्या कण्यावरून गेलेला रस्ता. उजवीकडे दरी, डावीकडे दरी आणि कठडा नाही. आंबेनळी घाटात गाडी शिकलेली असूनही माझे तळहात ओले झाले. हा रस्ता घडवण्यातही त्या मंदीतल्या पोरांचे हात आहेत. आत्याला मुद्दाम फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "खडी चांगली बसवलीय."

ब्राइस कॅनियनला पोचले ती कोजागरी होती. हे मी ठरवून केलं होतं आणि इथल्या लोकांच्या दृष्टीने ते अगदी चुकीचं होतं, कारण ब्राइसला लोक येतात ते काळोखासाठी. २०१९ पासून त्याला काळोख्या आकाशाच्या उद्यानाचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. पौर्णिमेला येऊन तारे धुऊन टाकणारी मीच.

नावात कॅनियन असलं तरी ब्राइस ही दरी नाही. नदीने कोरलेलं नाही काही. पठाराची कड आठ-नऊ हजार फुटांवर आहे, आणि वर्षातल्या निम्म्याच्या आसपास दिवशी तिथे तापमान गोठणबिंदूच्या खाली आणि वर असं दोन्ही होतं. दिवसा बर्फाचं पाणी होऊन फटीत उतरतं, रात्री गोठून फुगतं, पाचर ठोकल्यासारखा दगड फोडतं. याच कामातून हजारो सुळके उभे राहिलेत, नारिंगी, गुलाबी, पांढरे. इथे गुरं राखणारा एबेनेझर ब्राइस, ज्याचं नाव पार्काला मिळालं, त्याच्या नावावर एकच वाक्य सांगतात, की गाय हरवायला ही फार वाईट जागा आहे. इथल्या मूळच्या पायूट लोकांची गोष्ट जास्त चांगली. फार पूर्वी इथे माणसांसारखी दिसणारी मंडळी राहायची, ती वाईट वागली म्हणून कोयोटने त्यांना होती तशी दगड करून टाकलं. कुणी उभे, कुणी बसलेले, कुणी एकमेकांना धरून. १९३६ साली एका पायूट वृद्धाने ही गोष्ट पार्कच्या निसर्गअभ्यासकाला सांगितली आणि ती नोंदली गेली. माहुलीचे नवरा, नवरी आणि भटोबा हे सुळके पाहिलेल्या माणसाला ती नवीन वाटायची नाही. डोंगरात उभा दगड दिसला की त्यात थांबलेलं वऱ्हाड बघायचं, हे सगळीकडचंच.

दूध एका माणसापुरतं आटवता येत नाही. पातेल्याच्या बुडाशी चिकटतं तेवढंच उरतं. म्हणून लिटरभर घेतलं, गॅसच्या एका चुलीवर ठेवलं, केशर, वेलची, चारोळी घातली आणि थंडीने हात बगलेत घालून ढवळत बसले. थर्मास भरून कड्यावर गेले. चांदण्यात सुळक्यांचे रंग जातात. नारिंगी राहत नाही, फक्त उजेड आणि सावली राहते, आणि सावल्यांमुळे प्रत्येक सुळका शेजारच्यापासून सुटून दिसतो. कठड्यापाशी एक जपानी जोडपं, तीन शाळकरी मुलं घेऊन आलेले एक वडील आणि कॅमेऱ्याचा तिपाई गुंडाळून नाराज उभा असलेला एक तरुण होता. त्याला तारे हवे होते. मी झाकणातून त्याला दूध दिलं. "कशाचं निमित्त?" त्याने विचारलं. आज जो जागा असेल त्याला लक्ष्मी काहीतरी देते, असं मी सांगितलं. त्याने दूध प्यायलं आणि म्हणाला, मिळालं. मुलांनी उरलेलं संपवलं. पहाटे तंबूवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता आणि आतून माझ्याच श्वासाचं पाणी गोठून सांडत होतं. ज्यांना यात काव्य दिसतं ते बहुधा हॉटेलात राहतात.

झायनला मी शेवटी गेले. वर्षाला ४५ लाखांहून जास्त माणसं तिथे येतात आणि ती त्या दिवशी सगळी माझ्या बसमध्ये होती. २००० सालापासून हंगामात आतल्या दरीत खाजगी गाड्या नेता येत नाहीत, शटल बस घ्यावी लागते. गर्दीची ही व्यवस्था मला उलट फार शहाणपणाची वाटली. बसमधून उतरून पाव तास चाललं की हरणं, नदीचा आवाज आणि दोन हजार फुटांच्या भिंती. एंजल्स लँडिंग या कड्यावर साखळ्या धरून चढायला आता सोडतीतून परवाना घ्यावा लागतो. मी अर्ज केला नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघितलेल्या बाईला आणखी काय सिद्ध करायचंय?

नॅरोज मात्र केलं. तिथे नदीच वाट असते. वर्जिन नदीच्या पात्रातून, गुडघाभर, कधी कमरेएवढ्या पाण्यातून, हातात काठी घेऊन वर चालत जायचं. भिंती जवळ येत जातात, आकाशाची पट्टी उरते. वर कुठे पाऊस पडला तर इथे लोंढा येतो, म्हणून सकाळी रेंजरकडे अंदाज विचारायचा. गोल गुळगुळीत दगडांवर पाय ठरत नाही. एका वळणावर धार जोरात होती, तिथे अनोळखी माणसांनी आपोआप साखळी केली. पुढच्याने हात दिला, मी मागच्या मुलीला दिला, तिने आणखी कुणाला. पलीकडे गेल्यावर सगळे सुटे झाले, कुणी कुणाचं नाव विचारलं नाही, आणि दहा मिनिटांनी मी पुन्हा एकटी चालत होते. यापेक्षा जास्त सोबत मला नको असते, आणि यापेक्षा कमी असती तर मी तिथवर पोचलेच नसते.

परतीच्या वाटेवर सलायना गावात पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, कारण तिथून ग्रीन रिव्हरपर्यंत शंभराहून जास्त मैल इंटरस्टेटवर पंप नाही, दुकान नाही, काही नाही. पंपाशेजारी उभी असतानाच आत्याचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोटो सगळे पाहिले होते आणि प्रश्नांची यादी तयार होती.

"संडास बसायचा का उभा?"

"बसायचा. खुर्चीसारखा."

"खाली गादी?"

"फुगवायची असते. तुला दोन देईन."

"अंघोळ?"

"रोज नाही."

"थंडीत कोण करतंय," ती म्हणाली. "आणि रात्री उठायला लागलं तर?"

"डोक्याला दिवा बांधायचा."

यावर ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येते. पण तुला तर एकटीनंच जायचं असतं."

मी म्हटलं, आपण शेजारशेजारच्या दोन जागा घेऊ, एक तुझ्या नावाची, एक माझ्या.

"आणि चूल?"

"चूल एकच."

"मग चालतंय," आत्या म्हणाली. "भाजणी मी आणते. तुझी फार जाड दळलेली असते."